२१ तासांचा फरक

विठ्ठलवाडीहून स्लो लोकल पकडून कांजूरमार्गला उतरलात, की पवईचं आयआयटी जवळच. आजची गोष्ट तिथवर पोहोचते.

४ जानेवारी २०१७. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या धडकेचे गुरुत्वीय तरंग टिपले. ते आले त्याच पट्ट्यात हवाईच्या ॲटलास दुर्बिणीला मंदावत जाणारा एक ठिपका दिसला. आता आली पंचाईत! कृष्णविवरांच्या धडकेतून प्रकाश येईल अशी कुणाची अपेक्षा नव्हती. ठिपका तिचाच निघाला असता, तर पुस्तकं बदलावी लागली असती.

इथे कामी आला आपला ॲस्ट्रोसॅट, इस्रोने २०१५ मध्ये सोडलेला. त्यावरच्या सीझेडटीआय उपकरणाच्या भिंतींतून जास्त ऊर्जेचे गॅमा किरण आरपार जातात, म्हणून बाजूला झालेला स्फोटही त्याला कळतो. आयआयटीचे वरुण भालेराव आणि टीआयएफआर, आयुकातल्या सहकाऱ्यांनी नोंदी चाळल्या. धडकेच्या क्षणी काहीच नाही. पण साधारण २१ तासांनी, ५ जानेवारीला, काही सेकंदांचा गॅमा किरण स्फोट! ठिपका कसा मंदावतोय यावरून उलटा हिशोब केला, तर वेळ या स्फोटाशी जुळली.

म्हणजे घटना दोन, जागा शेजारची. पुस्तकं होती तशीच राहिली. पण ठिपक्याचा खरा मालक सापडला, तोही आपल्या उपग्रहामुळे.