केर की टपाल?

मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरू लागला, की बहुधा आधी यकृत गाठतो. आतड्यातले रक्त यकृताच्याच वाटेने पुढे जाते, तेव्हा त्यात नवल नाही. नवल आहे ते निराळेच. कर्करोगाची पेशी जागची हलली नाही, तरी तिच्यातून अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर पडत असतात. पातळ आवरणाच्या या पिशव्यांपैकी अनेक इतक्या लहान, की एका मिलिमीटरवर दहा हजार ओळीने बसतील. त्यांच्या द्वारे पेशी एकमेकींशी संधान बांधतात, हे ध्यानात यायला काही दशके गेली.

1946 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एर्विन चारगाफ आणि रँडॉल्फ वेस्ट रक्त गोठण्याचा अभ्यास करीत होते. (पुढे डीएनएच्या घटकांचे प्रमाण मांडले, ते हेच चारगाफ.) रक्तद्रव यंत्रात प्रचंड वेगाने फिरवला, की तळाशी थोडा साका बसे. तो काढून घेतला, तर रक्तद्रव गोठायला फार वेळ लागे. 1967 मध्ये पीटर वुल्फ यांनी असेच कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ते प्लेटलेटपासून सुटलेले होते. रक्त गोठवण्याचा त्यांचा गुण वुल्फ यांनी ओळखला. पण नाव दिले 'प्लेटलेटची धूळ'. आता धूळ म्हटल्यावर तिच्याकडे मुद्दाम वळून कोण पाहणार?

पाहिले ते रोझ जॉनस्टोन यांनी, तेही वेगळ्याच वाटेने. जन्म पोलंडमधला, 1928 चा. लहानपणीच त्या कॅनडात आल्या आणि माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. मेंढीच्या रक्तातल्या कोवळ्या तांबड्या पेशींवर त्या काम करीत. कोवळ्या पेशीला लोह हवे असते, म्हणून ते पकडणाऱ्या प्रथिनाला धरून ठेवणारे ग्राहक तिच्या आवरणावर असतात. पेशी पक्व झाली, की ते ग्राहक दिसेनासे होतात. जातात कुठे? पेशी ते आतल्या आत पचवत असेल, असे वाटणे साहजिक होते. 1983 मध्ये जॉनस्टोन यांच्या प्रयोगशाळेला दिसले, की पेशी ते छोट्या पिशव्यांत भरून चक्क बाहेर टाकते. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईसला फिलिप स्टाल यांच्या गटालाही उंदराच्या पेशींत हाच प्रकार आढळला. 1987 मध्ये जॉनस्टोन यांनी या पिशव्यांना 'एक्झोसोम' म्हटले. नको असलेले सामान टाकण्याची ही पेशीची सोय आहे, असा त्यांचा अर्थ होता. तो चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. तांबड्या पेशीपुरता तो बरोबरच होता.

पण केर म्हटल्याने बरीच वर्षे फारसे कोणी फिरकले नाही. 1996 मध्ये ग्रासा रापोसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की प्रतिकारशक्तीच्या काही पेशींनी सोडलेल्या पिशव्या दुसऱ्या पेशींना चेतवतात. मग 2007 मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्गचा प्रयोग आला. तिथे उंदराच्या पेशींच्या पिशव्या माणसाच्या पेशींना दिल्या, तर माणसाच्या पेशींत उंदराची प्रथिने सापडली! पिशवीत आरएनएच्या रूपाने मजकूर होता, आणि तो समोरच्या पेशीने वाचलाही होता.

कर्करोगाच्या हाती हे टपाल लागले, की काय होते? 2005 मध्ये इटलीतील संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींतून निघणाऱ्या पिशव्या तपासल्या. त्यांच्यावर असे रेणू होते, की आपल्या रक्षणाला धावणारी टी-पेशी त्यांच्या स्पर्शाने मरावी. तशा पिशव्या रुग्णांच्या रक्तातही मिळाल्या. शत्रू दाराशी येण्याआधीच विषाची पुडी पाठवावी, तसे हे. 2013 मध्ये अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात रॉबर्ट कॉफी यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. केरास हे वाढीला हुकूम देणारे प्रथिन बिघडलेल्या रूपात एका आतड्याच्या पेशीच्या पिशवीतून दुसऱ्या पेशीत शिरते. तिचे स्वतःचे केरास निर्दोष असले, तरी प्रयोगशाळेत तिची वाढ जोर धरते.

आता रुग्णाच्या चमचाभर रक्तातून या पिशव्या वेचून रोग लवकर ओळखण्याचे प्रयत्न चालू आहेत. काम किचकट आहे. रक्त काढताना-हाताळताना प्लेटलेटमधूनही पिशव्या सुटतात, आणि कर्करोगाची मोजकी पाकिटे वुल्फ यांच्या त्याच धुळीतून निवडावी लागतात.