तुम्हाला याचे मार्क कुठे धरणार?

निवृत्तीनंतर मी गांधर्वची मध्यमा दिली. लेखी पेपरला शेजारच्या बाकावर नातीच्या वयाची मुलगी होती. बाहेर पडताना म्हणाली, "आजी, तुम्हाला याचे मार्क कुठे धरणार?" मला हसू आलं, पण उत्तर काही सुचलं नाही. ते आज लिहिते आहे.

या परीक्षा आल्या कुठून? पूर्वी गाणं शिकायचं तर बहुधा घराण्यात जन्मावं लागे, नाहीतर गुरूच्या घरी राहून वर्षानुवर्षं सेवा करावी लागे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि वर्ग, अभ्यासक्रम, स्वरलिपी असं सगळं सामान्य घरातल्यांसाठी उघडं केलं. १९०८ साली ते मुंबईत आले. १९३१ मध्ये ते गेले, आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही शिडी त्या मंडळाचीच. तिला वयाची अट नाही. थाट आणि वादी-संवादींचं शास्त्र नीट मांडलं ते भातखंड्यांनी.

आणि शाळेत? आठवड्याला एक तास गाण्याचा. खरं सांगते, दहावीचा पोर्शन राहिला की तो तास मीच मागून घ्यायची, व्याकरणासाठी. गाण्याच्या बाई मुकाट्याने देत. २०१७ पासून या शास्त्रीय परीक्षांना दहावीत वाढीव गुण मिळू लागले, तेव्हा क्लासेस एकदम भरले. त्यात वाईट काही नाही. कोवळ्या वयात गळा तयार होतो, कान तयार होतो. मला व्याख्या पटकन पाठ झाल्या, पण तान काही केल्या वळेना! मात्र दहावी झाली की पेटी माळ्यावर जाते, हेही मी पाहिलं आहे.

भूप आणि देशकार या रागांचे स्वर तेच पाच. भूपात वादी गंधार, देशकारात धैवत. जोर कशावर, त्यावर राग ठरतो. परीक्षेचंही तसंच. पेपर एकच, त्या मुलीचा जोर मार्कांवर, माझा गाण्यावर. पण तिला तो जोर द्यायला शिकवलं कोणी? तास काढून घेणाऱ्या माझ्यासारख्यांनीच ना!

असो. बाळ, माझे मार्क कुठेच धरणार नाहीत. तुझे धरले की पुढेही गात राहा.