बॉयलरच्या सांध्यापासून आईच्या पोटापर्यंत



मी डॉक्टर नाही. सातवीनंतर शाळा सुटली. जे वाचले ते पाळी सुटल्यावर. तरीही हा विषय मी मागून घेतला. पोटातल्या बाळाचे व्यंग दाखवणाऱ्या यंत्राचा इतिहास दवाखान्यात नव्हे, कारखान्यात सुरू होतो.

पोलादाच्या आतली चीर डोळ्यांना दिसत नाही. बॉयलर फुटल्यावर ती कळून काय उपयोग? म्हणून धातूत कानाला ऐकू न येणारा ध्वनी सोडायची युक्ती निघाली. चीर आडवी आली की प्रतिध्वनी परततो. त्याला लागलेल्या वेळावरून चिरेची खोली कळते.

जुलै 1955 मध्ये ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून रेनफ्रूच्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर कारखान्यात गेले. तिथल्या यंत्राने पाण्याची गाठ आणि भरीव गाठ यांतला फरक दाखवला. पुढे टॉम ब्राऊन या तरुण अभियंत्याने माणसासाठी निराळे यंत्र जुळवले. 7 जून 1958 च्या ‘लॅन्सेट’मध्ये डोनाल्ड, मॅकव्हिकर आणि ब्राऊन यांचा लेख आला, त्यात गर्भाचेही चित्र होते.

त्याआधी क्ष-किरण होते. पण त्यात हाडेच दिसत, तीही उशिरा. शिवाय त्याने पुढे मुलाला कर्करोगाचा धोका संभवतो, हे ॲलिस स्टुअर्ट यांनी 1956 पासून दाखवून दिले होते.

1972 साली डोनाल्ड यांच्या हाताखाली काम केलेले स्टुअर्ट कॅम्पबेल आणि त्यांचे सहकारी यांनी सतराव्या आठवड्यात एका गर्भाचे व्यंग ओळखल्याचे प्रसिद्ध केले. त्याच्या कवटीचा वरचा भाग झालेलाच नव्हता. असे मूल जगत नाही. आईला ते नवव्या महिन्याऐवजी पाचव्यात कळले. गर्भपाताला डोनाल्ड यांचा मात्र कडवा विरोध होता. यंत्र माहिती देते. निर्णय माणसालाच करावा लागतो.

आपल्याकडे 1971 च्या कायद्याने 20 आठवड्यांची मर्यादा घातली. 2008 साली मुंबई उच्च न्यायालयाने हृदयाचे व्यंग असलेल्या गर्भासाठी, मुदत उलटल्यावर आलेल्या जोडप्याची विनंती नाकारली. 2021 साली कायदा बदलला; गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने ती मर्यादा लागू होत नाही. याच यंत्राने मुलींचा घात झाला, हेही विसरू नका. त्याविरुद्ध पहिला कायदा 1988 साली महाराष्ट्राने केला.

आता माझ्या कामाची गोष्ट. युनियनच्या कचेरीत एक कामगार बायकोचे कागद घेऊन आला होता. व्यंग सातव्या महिन्यात कळले होते. पाचव्यात तपासणी का नाही केली, असे मी विचारले. तो म्हणाला, “तिचा रोज बुडला असता, दादा.” 1961 च्या प्रसूतीरजेच्या कायद्यातली बाळंतपणाआधीची रजा अखेरच्या काही आठवड्यांपुरती होती, ही तपासणी अठराव्या-विसाव्या आठवड्यात करायची असते.

1923 साली या देशात बॉयलरच्या तपासणीचा कायदा झाला. तपासणीच्या दिवशी बॉयलर बंद राहतो आणि त्याचे नुकसान मालक सोसतो. बाईच्या तपासणीच्या दिवशी तिची मजुरी कापली जाते. त्या एका दिवसाची भरपगारी रजा मागितलीच पाहिजे.