बेळगाव मागताना अक्कलकोट का आठवतं?

(पोस्ट लांब आहे. निवांत वेळ असेल तेव्हा वाचा, पण पूर्ण वाचा.)

डिसेंबर २०२२. सोलापूरच्या एसटी स्टँडवर मी बातमीसाठी गेलो होतो. सीमाप्रश्न पेटला होता आणि कर्नाटकात जाणाऱ्या गाड्या थांबवल्या होत्या. फलाटावर एक मावशी मोठी पिशवी घेऊन बसल्या होत्या. लेक इंडीकडं दिलेली, नुकतीच बाळंत झालेली. पिशवीत बाळंतविडा. मला विचारलं, "गाडी कधी सुटतीय ओ?" म्हटलं, "आज अवघड आहे मावशी. सीमेवर भांडण चाललंय." त्या म्हणाल्या, "कुणाचं?"

बावीस वर्षं बातमीदारी करतोय, पत्रकारितेचा डिप्लोमा केलाय, पण या प्रश्नाचं सरळ उत्तर मला देता आलं नाही. म्हणून हा इतिहास लिहितोय.

आधी आपल्या घरातलं बघू. दक्षिण सोलापुरात भीमा आणि सीना जिथं मिळतात तिथं हत्तरसंग कुडल आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक तिथं आहे, शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा. आपल्या सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. आता गंमत बघा. मराठीचा हजार वर्षांचा पुरावा ज्या गावात आहे, त्या गावाच्या नावातला 'कुडल' हा शब्द कानडी. अर्थ संगम. ज्या सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याला आपण दर संक्रांतीला जातो, त्यांची वचनं कानडीत. त्यांच्यावर 'सिद्धराम पुराण' लिहिणाऱ्या जयदेवीताई लिगाडे जन्मानं सोलापूरच्या. १९७४ मध्ये मंड्याच्या कन्नड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, त्या संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष. सोलापूर कर्नाटकात जावं अशी त्यांची भूमिका होती. आणि तिकडं बेळगावात १९४६ मध्ये मराठी साहित्य संमेलन भरलं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला खरा जोर तिथून आला.

म्हणजे कानडीची एक कर्ती लेखिका सोलापूरची आणि मराठी राज्याची हाक बेळगावची. अशा मुलखात रेघ ओढायची होती.

१ नोव्हेंबर १९५६ ला ती ओढली गेली. मुंबई राज्यातले बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्याला जोडले. बेळगावचा चंदगड तालुका तेवढा इकडं राहिला. तेव्हापासून १ नोव्हेंबरला बेळगावातला मराठी माणूस काळा दिन पाळतो आणि त्याच रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक निघते.

महाराष्ट्राची मागणी स्पष्ट होती. गाव हा घटक धरा, भाषिक बहुसंख्या बघा, भौगोलिक सलगता बघा, लोकांची इच्छा बघा. या हिशेबानं आपण ८१४ गावं मागितली. आणि त्याच हिशेबानं २६० कानडीबहुल गावं द्यायची तयारीही दाखवली होती. हे आज किती जणांना माहीत आहे? महाराष्ट्रातला कानडी पट्टा मुख्यतः आपल्याच बाजूला आहे. आज त्या २६० गावांबद्दल कुणी नेता बोलताना तुम्ही ऐकलाय का?

१९६६ मध्ये सेनापती बापटांनी उपोषण केलं आणि केंद्रानं एकसदस्यीय आयोग नेमला. सदस्य मेहेरचंद महाजन, माजी सरन्यायाधीश. हे गृहस्थ कोण होते ते बघा. १९४७ मध्ये पंजाबची फाळणी करणाऱ्या रॅडक्लिफच्या सीमा आयोगावर ते सदस्य होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात काश्मीर भारतात विलीन झालं तेव्हा ते त्या संस्थानाचे पंतप्रधान होते. म्हणजे देशातली सगळ्यात रक्ताळलेली रेघ आणि सगळ्यात चिघळलेली रेघ, दोन्ही जवळून बघितलेला माणूस आपल्या सीमेवर आला.

१९६७ मध्ये त्यांचा अहवाल आला. बेळगाव म्हैसूरकडंच ठेवलं. निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्या म्हणून सांगितलं. आणि अक्कलकोट तालुका, दक्षिण सोलापुरातली व जतमधली गावं म्हैसूरला द्या म्हणून सांगितलं. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला. आयोग हवा हा आग्रह आपलाच होता, हे कर्नाटक आजही ऐकवतं.

आता दोन्ही बाजूंचा युक्तिवाद शेजारी ठेवून बघा. आपण भाषेची फूटपट्टी घेऊन बेळगावला जातो, पण तीच अक्कलकोटला लावायची म्हटलं की खिशात घालतो. कर्नाटक म्हणतं महाजन अहवाल हाच अंतिम. मग त्यात निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्यायला सांगितलंय, ते कधी देणार? त्यावर तिकडं चिडीचूप. दोघांनाही आपल्या सोयीचं अर्धं पान वाचायचंय. म्हणून आपण बेळगाव म्हटलं की त्यांना लगेच अक्कलकोट आठवतं. त्यांना अक्कलकोट खरंच हवंय का, हा वेगळा प्रश्न. बेळगावच्या मागणीवर टाकायला ते वजन आहे.

२००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. वीस वर्षं उलटून गेली, दावा प्रलंबित आहे. दरम्यान कर्नाटक हातावर हात ठेवून बसलं नाही. २००६ मध्ये विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावात घेतलं. २०१२ मध्ये तिथं सुवर्ण विधानसौध उभं राहिलं. २०१४ मध्ये बेळगावचं बेळगावी झालं. कागदावर वाद चालू आणि जमिनीवर पाया पक्का.

मग नोव्हेंबर २०२२. तिकडच्या मुख्यमंत्र्यांनी आधी जत आणि मग अक्कलकोट, सोलापूरवर दावा सांगितला. ६ डिसेंबरला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकवर दगडफेक झाली. आपल्या दोन मंत्र्यांचा बेळगाव दौरा रद्द झाला. इकडं कर्नाटकच्या बसला काळं फासलं गेलं. १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बसवलं, दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती करायचं ठरलं. त्या महिन्यातच आधी त्यांच्या विधिमंडळानं ठराव केला, मग २७ तारखेला आपल्या. आपल्या ठरावात ८६५ गावं. दोन्ही ठराव एकमतानं. आपापल्या सभागृहात एकमत करणं सोपं असतं. अवघड असतं ते समोरच्याशी. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ एका कंडक्टरला भाषेवरून मारहाण झाली आणि पुन्हा गाड्या बंद.

या वादाचं खरं नुकसान मला इथं दिसतं. जमीन इकडं की तिकडं हे बाजूला राहतं आणि शेजाऱ्यांमधला प्रत्येक व्यवहार त्या रेघेतून बघितला जातो. अलमट्टीची उंची ५१९ मीटरवरून ५२४ करायची की नाही, हा खरं तर पूर आणि पाण्याच्या गणिताचा प्रश्न. उजनीतून भीमेत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यात येतं, त्यावर सोलापूरची तहान भागते, आणि पलीकडच्या काठावर कर्नाटकचा शेतकरी आहे. हे विषय दोन अभियंत्यांनी टेबलावर बसून सोडवायचे. पण सीमेचा वाद तापला की टेबलच उचललं जातं.

भारत-पाकिस्तानचं तेच झालं. काश्मीरचा प्रश्न तसाच राहिला आणि व्यापार, व्हिसा, क्रिकेट सगळं त्याच्या दावणीला बांधलं गेलं. १९६० चा सिंधू पाणी करार युद्धांतूनही टिकला होता, तोही पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये स्थगित झाला. आपली तुलना तिथपर्यंत जात नाही. आपल्याकडं सैन्य नाही, देश एकच आहे. पण म्हणूनच जास्त लाज वाटायला हवी. कारण भारत आणि बांगलादेश या दोन वेगळ्या देशांनी १९७४ च्या करारावर अडत अडत का होईना, ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री १६२ वस्त्यांची अदलाबदल केली. आपल्या १११ तिकडं, त्यांच्या ५१ इकडं. कुठल्या देशाचं नागरिक व्हायचं हे तिथल्या लोकांना विचारलं. आपल्या सीमेवर १९५६ पासून कुणी कुणाला विचारलंय?

आता माझी चूक सांगतो. त्याच डिसेंबरात अक्कलकोट तालुक्यातल्या काही ग्रामपंचायतींनी कर्नाटकात जायची भाषा केली, तेव्हा मी एका गावात गेलो. एक आजोबा तासभर बोलले. रस्ता किती वर्षांपासून नाही, पावसाळ्यात पेशंटला कसं नेतात, पलीकडच्या गावात काय काय मिळतं. शेवटी वैतागून म्हणाले, "न्हाईतर जातो आम्ही तिकडं." मी तेवढंच शेवटचं वाक्य उचललं. मथळा झाला, बातमी चालली. रस्ता बातमीच्या तळाला दोन ओळींत गेला. गावाला नोटीस आल्याचं कळलं तेव्हा मला ते आजोबा आठवले. त्यांनी राज्य मागितलंच नव्हतं, रस्ता मागितला होता. जतच्या लोकांनीही पाणीच मागितलं होतं, आणि कर्नाटकनं दावा सांगितल्यावर इकडं म्हैसाळच्या विस्तारित योजनेच्या निविदेची घोषणा झाली. म्हणजे पाणी मिळायलाही शेजाऱ्यानं गावावर हक्क सांगावा लागतो.

बेळगावच्या मराठी माणसाचं दुःख खरं आहे. आपल्या भाषेत शाळा, कागदपत्रं, पाट्या मिळाव्यात म्हणून ते जवळपास सत्तर वर्षं झगडतायत, त्यांनी गोळ्याही झेलल्यात. त्यांच्या बाजूनं आपण उभं राहिलंच पाहिजे. पण ताकदीनं उभं राहायचं असेल तर आधी अक्कलकोटच्या कानडी शाळेत शिक्षक पुरेसे आहेत का, तिथल्या आजींना तलाठी कार्यालयात त्यांच्या भाषेत कुणी समजावून सांगतं का, हे बघावं लागेल. तिकडं जे मागतो ते इकडं देऊन दाखवू, मग कोर्टात आणि कोर्टाबाहेरही आपला शब्द वजनदार होईल.

मावशी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसल्या आणि पिशवी घेऊन घरी गेल्या. "कुणाचं भांडण?" याचं उत्तर मला आता सुचतं. मावशी, भांडण मुंबई आणि बेंगळुरूचं. गाडी तेवढी तुमची चुकली.

सीमेवरच्या गावांतले मित्र ही पोस्ट वाचत असतील तर रस्ता, पाणी, शाळा यांचे आपले अनुभव खाली लिहा. मराठीत लिहा नाहीतर कानडीत, मी वाचून घेईन. शिवीगाळ करणाऱ्यांची कमेंट मात्र उडवणार.