थोडी दारू, परंतु ओळखीची

‘दारू’ हा शब्द स्मरणिकेच्या पानावर पाहून आमच्या ज्येष्ठ ज्ञातिबांधवांच्या भुवया उंचावण्याचा संभव आहे. म्हणून आरंभीच खुलासा करणे इष्ट की, प्रस्तुत लेखाचा विषय बंदुकीची दारू हा आहे. दारूगोळा, दारूखाना, रंजक हे शब्द मराठी राज्याच्या कागदपत्रांतून आपल्या परिचयाचे झालेले आहेत. परंतु सर्व हत्यारांस मिळून एकच दारू पुरेल काय, की प्रत्येक हत्यारास वेगळी दारू बाळगावी लागेल, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फारसा झालेला दिसत नाही. तोफखान्याचे अधिकारी, रसायनशास्त्रज्ञ आणि शेवटी आपली काडतुसे घरीच भरून घेणारे साधे शिकारी अशा तिघांनी मिळून या प्रश्नाचे उत्तर शोधले. त्या शोधाची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

सोरा, गंधक व कोळसा यांची जुनी काळी दारू प्रथम पिठासारखी बारीक असे. पंधराव्या शतकात युरोपात ती ओली करून तिचे दाणे पाडण्याची युक्ती रूढ झाली. दाण्यांमधील फटींतून ज्वाला चटकन पसरू लागली आणि दारूचा जोर वाढला. त्याचबरोबर दुसरीही एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या घरातील चुलीचेच उदाहरण घ्यावे. ढलप्या भपकन पेटून विझतात, पण ओंडका सावकाश जळत राहतो. कारण लाकूड बाहेरून आत जळत जाते. दारूचा दाणाही तसाच बाहेरून आत जळतो. त्यामुळे बारीक दाण्याची दारू शीघ्र जळते, मोठ्या दाण्याची मंद. याच कारणास्तव बंदुकीस बारीक व तोफेस जाड दाणा, असा भेद पडत गेला. तोफेच्या कानात घालावयाच्या दारूस आपल्याकडे ‘रंजक’ हे निराळे नाव आहे, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्या पूर्वजांनी दारू जपण्याचा विचार किती बारकाईने केला होता, हे अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्रा’वरून कळते. दारूखाना राहत्या घरापासून व सदरेपासून दूर असावा, दारूस सर्दी लागू देऊ नये, ठराविक दिवसांनी ती बाहेर काढून तिला ऊन द्यावे, अशी त्यातील शिकवण आहे. आपल्या कोठारात काय आहे व ते कोणत्या स्थितीत आहे, हे प्रत्यक्ष पाहून जाणले पाहिजे, हा तिचा मथितार्थ होय. पुढील सर्व इतिहासास तो लागू पडतो.

एकोणिसाव्या शतकात तोफा अवाढव्य झाल्या, तेव्हा शीघ्र दारूच्या पहिल्याच झटक्याने त्या फुटण्याची भीती निर्माण झाली. अमेरिकेच्या सैन्यातील टॉमस रॉडमन या अधिकाऱ्याने तोफेच्या नळीतील दाब मोजण्याचे साधन तयार केले आणि १८६० च्या सुमारास प्रचंड आकाराचे, तसेच आरपार भोके असलेले दाणे करविले. असा दाणा बाहेरून झिजत असताना आतील भोके रुंदावत जातात. त्यायोगे जळण्याचा पृष्ठभाग घटत नाही आणि गोळा पुढे सरकत असताना त्याच्या मागील रेटा टिकून राहतो. दारूचा वेग माणसाच्या हाती आला तो येथे.

पुढे १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल याने बिनधुराची दारू सिद्ध केली. १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेलची बॅलिस्टाइट आणि १८८९ मध्ये इंग्लंडात ॲबेल व ड्यूअर यांची कॉर्डाइट आली. या नव्या दारूंचा वेग हवा तसा ठरविता येत असल्यामुळे तिचे प्रकार भराभर वाढले आणि निवडीचा प्रश्न बिकट झाला. आखूड नळीच्या पिस्तुलास व छर्ऱ्यांच्या बंदुकीस शीघ्र दारू मानवते. लांब नळीच्या व जड गोळीच्या रायफलीस मंद दारू लागते. मंद दारू पिस्तुलात घातली तर ती पुरती जळण्यापूर्वीच गोळी बाहेर पडते. उलट शीघ्र दारू रायफलीत पुंगळीभर घातली तर रायफल फुटून भरणाऱ्याच्याच जिवावर बेतते. सर्वांस पुरेल अशी एकच दारू असू शकत नाही, याचे कारण हे होय.

तथापि म्हणून पन्नास डबे बाळगावेत असेही नाही. पितळेची पुंगळी एकदा उडाल्यावर टाकून द्यावी लागत नाही. नवी टिकली, दारू व गोळी घालून ती पुनःपुन्हा वापरता येते. अमेरिकेत हा उद्योग घरोघरी चालतो. तेथील काटकसरी लोकांनी मध्यम वेगाच्या दारूंना पसंती दिली. १९०० च्या सुमारास निघालेली ‘युनिक’ ही त्यांपैकी एक. पिस्तूल, छर्ऱ्यांची बंदूक आणि ओतीव शिशाच्या गोळीचे हलके रायफल-काडतूस अशा तिन्ही ठिकाणी ती चालते. १९१२ मध्ये ड्यूपाँ कंपनीचे न्यायालयाच्या हुकमाने विभाजन झाले, त्यातून निघालेल्या हर्क्युलिस कंपनीने ती पुढे चालविली आणि आज ती अलायंट या नावाखाली मिळते.

रायफलीच्या बाबतीत तोच मान ‘४८९५’ या दारूकडे जातो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या गॅरंड रायफलीच्या काडतुसांत ती वापरली गेली. युद्धानंतर तिचा मोठा साठा शिल्लक राहिला. कॅन्सस राज्यातील ब्रूस हॉजडन या गृहस्थाने आपल्या आयुर्विम्यावर कर्ज काढून त्यातील दारू विकत घेतली आणि घरी काडतुसे भरणाऱ्यांस विकावयास आरंभ केला. लहानमोठ्या अनेक रायफलींस ती मानवते, असे लोकांस अनुभवाने पटले. अशा रीतीने एक मध्यम-शीघ्र व एक मध्यम-मंद अशा दोन दारूंत सामान्य माणसाची बहुतेक गरज भागू लागली. विशेष जड काडतुसे वापरणाऱ्याने तिसरी, अधिक मंद दारू ठेवावी म्हणजे झाले.

येथे एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. आज ‘४८९५’ हाच आकडा धारण करणाऱ्या ‘आयएमआर’ व ‘एच’ अशा दोन दारू आहेत. दोन्ही हॉजडन कंपनीच विकते, तरीही त्या एक नव्हेत आणि एकीचे माप दुसरीस लावणे धोक्याचे आहे. नावात साम्य असले म्हणजे स्वभावही एक असतो, हा भ्रम येथे महाग पडतो. शिवाय कित्येक शीघ्र दारूंचे माप इतके अल्प असते की, पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तरी वरून दिसून येत नाही. युनिकसारखी फुगीर दारू मात्र पुंगळी बरीच भरत असल्याने चूक लवकर उघडकीस येते. डबे थोडे असले म्हणजे उरलेली दारू भलत्याच डब्यात ओतली जाण्याचा संभवही कमी होतो. आंबूस उग्र वास येऊ लागलेली किंवा तांबूस वाफ सोडणारी दारू बिघडली असे समजावे. मेजावर एका वेळी एकच डबा ठेवावा आणि दोन दारू कधीही एकत्र करू नयेत, हे नियम तेथील जाणते लोक काटेकोरपणे पाळतात. थोड्या प्रकारांचा खरा लाभ पैशाच्या बचतीहून मोठा आहे तो यामुळेच.

आपल्या महाराष्ट्रात खडकी येथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. परंतु खाजगी माणसाने काडतुसे भरणे हा आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व परवान्याच्या कक्षेतील विषय आहे, हे तरुण वाचकांनी विसरू नये. म्हणून हा लेख केवळ इतिहास म्हणून वाचावा. तथापि त्यातील बोध बंदुकीपुरता नाही. घरात असो वा संस्थेत, साधने वाढविल्याने सामर्थ्य वाढतेच असे नाही. जी थोडी साधने हाताशी आहेत त्यांचा गुण, वेग आणि मर्यादा पुरतेपणी ओळखणाऱ्यासच त्यांचा भरवसा धरता येतो. आज्ञापत्राने गडावरील हवालदारास दारू वेळोवेळी पाहण्याची आज्ञा दिली ती याचसाठी.