बाँडचं गोत्र

रात्रीची वेळ. बागेतल्या पुतळ्यांमधून, कापलेल्या झुडपांच्या आडोशानं शॉन कॉनरी दबकत चालला आहे. पाठीमागून एक धिप्पाड माणूस येतो, मनगटावरच्या घड्याळातून बारीक तार ओढतो आणि त्याच्या गळ्याभोवती आवळतो. नायक मरतो. मग भसकन दिवे लागतात, कोणीतरी वाकून मृताच्या तोंडावरचं कातडं ओढून काढतो आणि खालून मिशीवाला भलताच माणूस निघतो. मारेकऱ्याच्या सरावासाठी त्याच्या तोंडावर बाँडचा मुखवटा चढवलेला असतो.

१९६३च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'चा हा आरंभ. चित्रमालिकेचा हा दुसराच चित्रपट, आणि नायक बदलायचा विचारही तेव्हा कोणाच्या मनात नव्हता. तरी आज तो प्रसंग पाहताना अंगावर काटा येतो, कारण पुढच्या साठ वर्षांत नेमकं हेच झालं. चेहरा निघत गेला आणि बाँड उरत गेला. खरं तर पहिल्या चित्रपटापासूनच असं होतं. बंदुकीच्या नळीतून दिसणारी ती सुप्रसिद्ध आकृती, चालत येते, गर्रकन वळते, गोळी झाडते, ती पहिल्या तीन चित्रपटांत कॉनरीची नाहीच. तो बॉब सिमन्स हा स्टंटमन होता. कॉनरीनं ती चाल स्वतः चित्रित केली १९६५च्या 'थंडरबॉल'मध्ये. म्हणजे 'डॉक्टर नो'च्या पडद्यावर बाँड म्हणून जो पहिल्यांदा उभा राहिला, तो मुळात दुसराच माणूस.

१९६२ ते २०२१ या काळात इऑन या निर्मितीसंस्थेनं पंचवीस बाँडपट काढले आणि त्यांत सहा नट झाले. कॉनरीचे सहा चित्रपट, जॉर्ज लेझन्बीचा एक, रॉजर मूरचे सात, टिमथी डाल्टनचे दोन, पिअर्स ब्रॉस्ननचे चार, डॅनियल क्रेगचे पाच. सहांत श्रेष्ठ कोण हा वाद कुठल्याही कट्ट्यावर तासभर पुरतो, आणि मीही तो हिरिरीनं घालतो. पण मला त्याहून जास्त ओढ लागते ती या रिवाजाच्या जन्माची. नायकाचा चेहरा बदलायचा, नाव तेच ठेवायचं, आणि प्रेक्षकाला एका शब्दानंही कारण सांगायचं नाही, हे पहिल्यांदा कधी ठरलं?

रंगभूमीला यात काहीच नवं नाही. 'नटसम्राट'मधले अप्पासाहेब बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही उभे केले, आणि प्रत्येकाचे अप्पासाहेब आपण वेगळे जपून ठेवले. नाटकाचा प्रयोग रात्री संपतो, जुना चेहरा नव्याच्या आड येत नाही. चित्रपटात मात्र जुना चेहरा डब्यात शाबूत असतो, केव्हाही पुन्हा समोर येऊन उभा राहतो. टारझनचे नट बदलत होते हे खरं. जॉनी वाइसम्युलर १९३२ ते १९४८ टारझन होता आणि लगेच पुढच्या वर्षी लेक्स बार्कर आला. पण टारझन जंगलातला, त्याला ना हुद्दा, ना कचेरी, ना वरिष्ठ. बाँड सरकारी नोकर आहे. त्याच्या कचेरीत रोज त्याचं तोंड पाहणारी माणसं आहेत. त्यांनी काय म्हणायचं?

आधी कॉनरीपर्यंत जाऊ. इयन फ्लेमिंगनं १९५२ साली जमैकातल्या 'गोल्डनआय' या आपल्या घरी पहिली कादंबरी लिहिली आणि नायकाला नाव दिलं वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका अमेरिकी पक्षितज्ज्ञाचं. फ्लेमिंगला साधं, रंगहीन नाव हवं होतं. या पहिल्या बाँडला मूळगाव नाही, आईबाप नाहीत. १९५४मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर 'कसीनो रोयाल' थेट सादर झालं, तेव्हा बॅरी नेल्सन या अमेरिकी नटानं त्याला अमेरिकी करून टाकलं आणि इतर पात्रं त्याला 'जिमी' म्हणू लागली. भांडं रिकामं होतं, जो येईल त्यानं आपलं पाणी ओतावं.

१९६१मध्ये हॅरी सॉल्ट्झमन आणि अल्बर्ट ब्रॉकली एकत्र आले. कॅरी ग्रँट हा ब्रॉकलींचा स्नेही, त्यांच्या लग्नातला करवलाच म्हणा ना. त्याचं नाव पुढे आलं, पण तो एकाहून जास्त चित्रपटांना बांधून घ्यायला तयार नव्हता. इथे मी नेहमी थबकतो. ग्रँट आला असता तर 'डॉक्टर नो' हा कॅरी ग्रँटचा एक देखणा चित्रपट झाला असता. दुसऱ्या चित्रपटाला दुसरा मोठा तारा शोधावा लागला असता, आणि लोक बाँड पाहायला न जाता ग्रँट पाहायला गेले असते. फारसं नाव नसलेला माणूस निवडल्यामुळेच भूमिका नटापेक्षा मोठी व्हायला जागा मिळाली.

तो माणूस एडिंबरोच्या फाउंटनब्रिज या कामगारवस्तीतला, कधीकाळी घरोघर दूध पोचवलेला, १९५३च्या मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत उतरलेला. भेट संपवून तो रस्ता ओलांडत असताना निर्मात्यांनी खिडकीतून त्याची चाल पाहिली, आणि तिथेच तो त्यांच्या मनात भरला. एवढ्या धिप्पाड देहाची मांजरासारखी हलकी चाल. दिग्दर्शक टेरेन्स यंगनं त्याला आपल्या शिंप्याकडे, अँथनी सिंक्लेअरकडे नेलं, सूट घालून वावरायला शिकवलं. फ्लेमिंगला ही निवड सुरुवातीला रुचली नव्हती. त्याच्या डोक्यातला बाँड डेव्हिड निव्हनच्या वळणाचा होता.

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. १९६२च्या आरंभी 'डॉक्टर नो'चं चित्रीकरण जमैकात चालू होतं, आणि त्याच बेटावर फ्लेमिंग 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' लिहीत होता. या कादंबरीचं सूत्रच वंशावळीभोवती फिरतं. खलनायकाला सरदारकी सिद्ध करायची आहे आणि बाँड कुळांचे दाखले देणाऱ्या कचेरीचा माणूस बनून त्याच्याकडे जातो. त्या ओघात बाँड आपलं मूळ सांगतो, बाप स्कॉटिश, आई स्विस. १९६४च्या पुढल्या कादंबरीत तर नावंच आली. ग्लेन्कोचा अँड्र्यू बाँड आणि मोनीक देलाक्रुआ, दोघं गिर्यारोहणात गेले तेव्हा पोर अकरा वर्षांचं होतं. फ्लेमिंगचा स्वतःचा आजा डंडीचा होता, त्यामुळे स्कॉटलंड त्याच्या रक्तातही होतंच. पण इतक्या वर्षांत न सुचलेलं गाव नेमकं या सुमारास सुचलं, याचं श्रेय मी तरी कॉनरीला देतो.

आपल्याकडे दत्तकाची रीत उलटी असते. कवळाण्याचा गोपाळराव १८७५मध्ये बडोद्याला गेला आणि सयाजीराव झाला. गादी येणाऱ्याला नाव देते, येणाऱ्यानं आपलं मागे ठेवायचं. इथे येणाऱ्यानंच गादीला बापाचं गाव दिलं.

दत्तकविधान मात्र पुढे १९६९मध्ये, याच 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'च्या चित्रपटात झालं. कॉनरी १९६७च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'नंतर निघून गेला होता. आता चेहरा बदलल्याचं कारण सांगायचं की नाही? त्याच लंडनमध्ये, १९६६च्या ऑक्टोबरात, बीबीसीच्या 'डॉक्टर हू' मालिकेपुढे हाच पेच आला होता. विल्यम हार्टनेल जाऊन पॅट्रिक ट्राउटन यायचा होता. त्यांनी कथेतच उत्तर दिलं: हा परग्रहावरचा जीव, त्याचा देह नवा होतो. बाँडकर्त्यांनीही आधी तसलाच विचार केला होता. शत्रूंना ओळख पटू नये म्हणून बाँडनं शस्त्रक्रियेनं चेहरा बदलला, अशी कल्पना निघाली आणि टाकूनही दिली गेली. ती टाकली हा या कुळातला सर्वांत मोलाचा निर्णय. कारण दिलं असतं तर दर वेळी नवं कारण द्यावं लागलं असतं.

निवडला गेला जॉर्ज लेझन्बी, ऑस्ट्रेलियातून आलेला मोटारविक्रेता आणि जाहिरातींतला मॉडेल, अभिनयाचा अनुभव जवळजवळ शून्य. त्यानं बाँडसारखं घड्याळ घेतलं, सिंक्लेअर शिंप्याकडे कॉनरीचा न नेलेला सूट होता तो विकत घेतला, आणि ब्रॉकली जिथे केस कापायला जात तिथेच जाऊन बसला. दिग्दर्शक पीटर हंट आधीच्या चित्रपटांचा संकलक, त्यामुळे घरचं सगळं सामान त्याला पाठ. त्यानं काय केलं पाहा. सुरुवातीच्या मारामारीनंतर मुलगी पळून जाते आणि लेझन्बी बोलून जातो की त्या आधीच्या गड्यावर अशी वेळ कधी आली नव्हती. एकदाच, हसत. श्रेयनामावलीत जुन्या चित्रपटांची दृश्यं सरकतात. पुढे राजीनामा देऊन बाँड टेबलाचा खण आवरतो, तर आतून निघतो 'डॉक्टर नो'तल्या हनीचा सुरा, 'थंडरबॉल'मधली पाण्याखाली श्वास घ्यायची नळी, आणि ते तार दडवलेलं घड्याळ. त्याच घड्याळानं मुखवट्यातल्या बाँडचा गळा आवळला होता. एकेक वस्तू हाती येते तसं त्या त्या चित्रपटाचं संगीत वाजतं. घरातले दागिने नव्या मुलाच्या ओंजळीत घालावेत तसा हा विधी आहे. कचेरीही तीच ठेवली. बाँडचा वरिष्ठ, एम, याच्या खुर्चीत बर्नार्ड ली, मनीपेनी म्हणून लॉइस मॅक्सवेल, क्यू म्हणून डेझमंड लुएलिन. या तिघांनी नव्या माणसाकडे जुन्याच नजरेनं पाहिलं, म्हणून आपणही पाहिलं. दाखला त्या नजरेनं दिला.

लेझन्बीला अभिनय येत नाही असं म्हणणाऱ्यांनी शेवटचं दृश्य पाहावं. नुकतं लग्न लागलंय, गाडीच्या काचेला गोळीचं भोक पडलंय, बायको ट्रेसी त्याच्या मांडीवर मरून पडली आहे, आणि तो पोलिसाला सांगतोय की ती जरा विसावली आहे. ट्रेसी झालेली डायना रिग त्या चित्रपटात अप्रतिम आहे, पण ते दृश्य लेझन्बीचं. कॉनरीच्या आत्मविश्वासाला ते पेललं नसतं असं मला वाटतं. तिथे न शिकलेला, उघडा पडलेला चेहराच हवा होता.

त्याला सात चित्रपटांचा करार देऊ केला होता. बाँडचे दिवस संपले असा सल्ला मिळाला म्हणून त्यानं तो नाकारला, आणि चित्रपटाच्या शुभारंभाला दाढी वाढवून आला. तो थांबला असता तर सत्तरीचं दशक बाँडनं बायकोच्या मृत्यूच्या छायेत काढलं असतं. वेगळाच, जड मनाचा नायक उभा राहिला असता. झालं असं की जॉन गॅव्हिन या अमेरिकी नटाशी करार झाला असतानाही स्टुडिओनं साडेबारा लाख डॉलर मोजून कॉनरीला परत आणलं. ते पैसे कॉनरीनं स्कॉटलंडमधल्या शिक्षणासाठी न्यास काढायला दिले. गॅव्हिन पुढे मेक्सिकोत अमेरिकेचा राजदूत झाला.

पण एका चित्रपटापुरता आलेला लेझन्बी हा दत्तक घराला जे देऊन गेला ते कोणी दिलं नाही. त्यानं बाँडला भूतकाळ दिला. १९८१मध्ये 'फॉर युवर आइज ओन्ली'च्या आरंभी रॉजर मूर ट्रेसीच्या थडग्यावर फुलं ठेवतो. मूर परत येईल याची खात्री नव्हती, म्हणून नव्या नटाची ओळख पटवायला तो प्रसंग लिहिला होता. आला मूरच, कॉनरीहून जवळपास तीन वर्षांनी मोठा, आणि दुसऱ्याच्या बायकोच्या थडग्यापुढे असा उभा राहिला की ती त्याचीच होती. १९८९मध्ये डाल्टनच्या 'लायसन्स टु किल'मध्येही तिचा ओझरता उल्लेख येतो आणि त्याचा चेहरा क्षणात मिटतो.

मूरवर मी इथे थोडंच लिहितो. पिढीचा हिशेब म्हणून आमच्यातल्या कित्येकांचा पहिला बाँड तोच, कारण 'ऑक्टोपसी' उदयपूरला घडला आणि कबीर बेदी त्यात खलनायकाच्या बाजूला होता. त्यानं भूमिकेला हलकं, टिकाऊ केलं. सत्तावन्नाव्या वर्षीही तो बाँड होता, हे मात्र एका चित्रपटानं जास्तच झालं.

१९८६ची गोष्ट अधिक चुटपुट लावणारी आहे. ब्रॉस्ननची निवड झाली होती. त्याची 'रेमिंग्टन स्टील' ही मालिका बंद पडली होती, पण बाँडच्या बातमीनं तिचा भाव वधारला आणि कराराची मुदत संपता संपता वाहिनीनं ती पुन्हा उचलली. ब्रॉस्नन अडकला, डाल्टन आला. विशीत विचारणा झाली तेव्हा आपण लहान आहोत म्हणून मागे हटलेला हा नट फ्लेमिंगच्या कादंबऱ्या पुन्हा वाचून आला होता. थकलेला, रागावलेला, नोकरीचा वीट आलेला बाँड त्यानं १९८७मध्येच दाखवला, क्रेगच्या एकोणीस वर्षं आधी. मग कायदेशीर भांडणांत सहा वर्षं वाया गेली आणि त्याचा तिसरा चित्रपट झालाच नाही. सहांत मला सर्वांत जास्त हळहळ त्याची वाटते. ब्रॉस्नन १९९५मध्ये आला, चाळिशी ओलांडून, आणि गर्दी परत घेऊन आला.

क्रेगच्या वेळी, २००६मध्ये, रिवाजच बदलला. जुनं सामान सोपवण्याऐवजी कथा शून्यापासून सुरू केली. हेन्री कॅव्हिल शेवटच्या उमेदवारांत होता, कोवळा म्हणून मागे पडला. तरी एमच्या खुर्चीत जूडी डेंच ब्रॉस्ननच्या काळातलीच ठेवली. घर पाडलं तरी देव्हारा हलवला नाही.

काही प्रेक्षक आवडीनं मांडतात की 'जेम्स बाँड' हे पदाचं नाव आहे, दर वेळी नवा माणूस ते धारण करतो. ही मांडणी कितीही सोयीची असली तरी २०१२च्या 'स्कायफॉल'पुढे टिकत नाही. तिथे स्कॉटलंडच्या माळावर बाँडचं वडिलोपार्जित घर आहे, आणि शेजारी एका दगडावर नावं कोरलेली आहेत: अँड्र्यू बाँड, मोनीक देलाक्रुआ बाँड. कॉनरी जमैकात कॅमेऱ्यासमोर उभा होता त्या सुमारास कागदावर जन्मलेले ते आईबाप, पन्नास वर्षांनी इंग्लंडच्या चेस्टरमध्ये जन्मलेल्या नटाच्या वाट्याला आले.

त्या घराचा म्हातारा राखणदार किंकेड अल्बर्ट फिनीनं केला, आणि छान केला. पण अगदी सुरुवातीला ती भूमिका कॉनरीला द्यावी अशी चर्चा झाली होती. दिग्दर्शक सॅम मेंडिस यांना वाटलं की प्रेक्षक कथेतून बाहेर फेकला जाईल, आणि विषय तिथेच मिटला. त्यांचं बरोबर होतं. तरी मी तो न झालेला चित्रपट मनात चालवून पाहतो. किंकेड एमला भिंतीतलं गुप्त भुयार दाखवतो आणि सांगतो की आईबाप गेल्याचं कळलं तेव्हा पोर इथे आत शिरून बसलं होतं, दोन दिवस बाहेर आलं नाही. ऐंशी ओलांडलेला कॉनरी, त्याचे ते जड स्कॉटिश उच्चार, भुयाराच्या तोंडाशी वाकलेली पाठ.