पडलेल्यांनीं शिकविलेलें शहाणपण

सायकल शिकणाऱ्याच्या पाठीमागें धांवणारा माणूस ज्या सूचना ओरडून देत असतो, त्यांतली एकहि त्यानें स्वतः शोधून काढलेली नसते. "खालीं पाहूं नकोस, समोर पाहा", "पडशील त्याच बाजूस हँडल वळव", "पुढचा ब्रेक एकदम दाबूं नकोस" हीं वाक्यें त्याला दुसऱ्या कोणी तरी सांगितलेलीं असतात, व त्या दुसऱ्याला आणखी तिसऱ्यानें. या सूचनांची वंशावळ शोधीत मागें गेलें तर प्रत्येकीच्या मुळाशीं एक तरी फुटलेला गुडघा सांपडतो. आज त्या गुडघ्यांचाच थोडासा इतिहास सांगण्याचा माझा विचार आहे.

१८१७ सालच्या १२ जूनला कार्ल द्राइस नांवाचा जर्मन गृहस्थ मॅन्हाइम शहरांतून एका लांकडी दुचाकीवर बसून निघाला. तिला पॅडल नव्हतें, साखळी नव्हती. दोन्ही पायांनीं जमिनीला रेटा देत पुढें जावयाचें. तरीहि जातां-येतां मिळून सुमारें १३ किलोमीटरांची मजल त्यानें तासाभरांत मारली. त्या काळचे रस्ते गाड्यांच्या चाकोऱ्यांनीं उखणलेले. म्हणून हे नवे स्वार गुळगुळीत पादपथावर चढले. परिणाम असा झाला कीं, तें वर्ष संपण्यापूर्वींच मॅन्हाइममध्यें पादपथावर दुचाकी चालविण्यास मनाई झाली. पायीं चालणाऱ्याची वाट त्याचीच राहूं द्यावी, हा सायकलस्वाराला मिळालेला एक अगदीं आरंभींचा उपदेश होय. आणि तो अद्याप जुना झालेला नाहीं.

१८६० नंतर पॅरिसमध्यें पुढच्या चाकाला पॅडल बसलें. चाकें लांकडी व त्यांवर बैलगाडीसारखी लोखंडी धांव. तेव्हां इंग्रजांनीं या वाहनास 'हाडें खिळखिळीं करणारें' असें नांव ठेवलें, तें यथार्थच होतें. मग वेग वाढविण्यासाठीं पुढचें चाक मोठें करीत करीत तें पांच फुटांपर्यंत नेण्यांत आलें. स्वार बसे चाकाच्या माथ्यावर, आणि वाटेंत एखादा धोंडा आडवा आला कीं तो हँडलवरून सरळ डोक्यावर कोसळे. त्या वेळचे जाणते लोक सांगत कीं, उतारावर दोन्ही पाय हँडलवरून पुढें टाकावे, म्हणजे पडावयाचेंच झालें तर निदान पायांवर पडतां येईल. पडणें टळणार नाहीं हें गृहीत धरून दिलेला इतका प्रांजळ सल्ला मीं दुसऱ्या कोणत्याहि विद्येंत ऐकलेला नाहीं.

१८७८ सालीं इंग्लंडांत सायकल-प्रवाशांचें एक मंडळ स्थापन झालें, व त्यानें पुढें अवघड उतारांच्या माथ्यावर धोक्याचे फलक उभारले. घाटांत आजहि एवढें लक्षांत ठेवावें: ब्रेक वळणाच्या आधीं लावावा, वळणावर नव्हे, दोन्ही ब्रेक मिळून हळूहळू दाबावे, आणि शरीराचा भार मागें ठेवावा.

याच उंच वाहनाशीं मार्क ट्वेन या विख्यात अमेरिकन विनोदी लेखकानें पन्नाशीच्या सुमारास झुंज घेतली. तिचें वर्णन करणारा त्याचा लेख त्याच्या मृत्यूनंतर, १९१७ सालीं प्रसिद्ध झाला. रस्त्यांतला धोंडा चुकविण्याची जितकी खटपट करावी, तितकें चाक नेमकें त्या धोंड्यावरच जातें, हा त्याचा अनुभव आपल्यापैकीं कोणाला नाहीं? याचें कारण असें कीं, हात डोळ्यांच्या मागून जातात. म्हणून खड्ड्याकडे न पाहतां खड्ड्याशेजारच्या वाटेकडे पाहावें. तोल जाईल तिकडेच हँडल वळवावें, हा नियमहि प्रथम वेडगळ वाटतो. परंतु तळहातावर काठी उभी धरणारा मुलगा काठी झुकेल तिकडेच हात नेतो ना? तोच न्याय येथें लागू आहे.

१८८५ सालीं कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली यानें जवळजवळ सारख्या चाकांची व मागच्या चाकाला साखळीनें गति देणारी 'रोव्हर' सायकल काढली. आपली आजची सायकल तिचीच मुलगी. तीन वर्षांनीं, १८८८ सालीं, बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीस हवा भरलेली रबरी नळी बसविली. हाडें वांचलीं, पण पंक्चर जन्मास आलें! त्याविषयीं एवढेंच सांगतों कीं, नवी ट्यूब घालण्यापूर्वीं टायरच्या आंतून बोट हलकेंच फिरवून कांटा शोधावा. नाहीं तर तोच कांटा नव्या ट्यूबचाहि सत्कार करतो. भोंक सांपडेना तर ट्यूब पाण्याच्या परातींत बुडवावी. बुडबुडे खोटें बोलत नाहींत. आणि हवा आठवड्यांतून एकदां तरी पाहावी. ती कमी असली म्हणजे खड्ड्यांत ट्यूब रिमखालीं सांपडून चिरते.

सुरक्षित सायकल आल्यावर स्त्रियाहि तिच्यावर बसूं लागल्या, आणि उपदेशकांना ऊत आला. १८९५ सालीं अमेरिकन वृत्तपत्रांत स्त्री-स्वारांसाठीं 'करूं नका' अशा सूचनांची लांबलचक यादी आली. तींत गाय समोर आल्यास किंचाळूं नये, असेंहि एक कलम होतें. आपल्याकडे गाईला किंचाळण्याचें कौतुक नाहीं. तिच्या शेपटीच्या बाजूनें जावें, कारण ती हलली तर बहुधा पुढें हलते. त्याच वर्षीं मद्यपानविरोधी चळवळीच्या पुढारी फ्रान्सेस विलर्ड यांचें पुस्तक निघालें. वयाच्या ५३ व्या वर्षीं रोज सरासरी पंधरा मिनिटें सराव करून आपण सुमारें तीन महिन्यांत सायकल शिकलों, असें त्या सांगतात. "आतां या वयांत काय शिकावयाचें?" असें म्हणणाऱ्या माझ्या समवयस्कांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी.

आपल्या मुंबईनेंहि या इतिहासांत एक पान लिहिलें आहे. १९२३ सालीं सहा तरुण सायकलींवर बसून जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगारा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटरांचा प्रवास करून १९२८ सालीं परत आले. एवढ्या वाटेवर दुरुस्तीचें दुकान सांपडेल तेव्हां सांपडेल. आपण कोपऱ्यावरच्या भाजीबाजारापर्यंतच जात असलों, तरी सुटलेली साखळी स्वतः बसवितां आली पाहिजे.

आतां शेवटची सूचना दिव्याची. हिचा गुडघा माझ्या घरचा आहे. पुणें सायकलींचें शहर म्हणून मिरवत होतें त्या काळीं सायकलीला कराचा बिल्ला व रात्रीं दिवा असावा लागे. दिवा नसेल तर हवालदार दिसतांच उतरून साळसूदपणें चालत जावयाचें, ही युक्ति आम्हां मुलांस पाठ होती. एका रात्रीं मी असाच बिनदिव्याचा निघालों. रस्त्यावर हवालदार कोठें नव्हता. समोरून येणारा एक दूधवाला मात्र होता, आणि मी त्याला दिसलों नाहीं. माझा गुडघा आठ दिवसांत बरा झाला. त्याचें मनगट मोडलें, व महिनाभर त्याच्या म्हशींची धार शेजाऱ्यांनीं काढली. वडिलांनीं दुधाचे व औषधाचे पैसे भरले, आणि मला एकहि शब्द बोलले नाहींत. त्या दिवसापर्यंत मी समजत होतों कीं, दिवा हवालदारासाठीं असतो, फार तर आपल्याला दिसावें म्हणून असतो. तो दुसऱ्याला आपण दिसावें म्हणून असतो.

पुण्यांतली सायकल आतां मोटारींच्या गर्दींत एका कडेला सरली आहे. तरीहि पहांटे शिकवणीला जाणारीं मुलें, वृत्तपत्रें टाकणारे व कारखान्यांतून परतणारे कामगार अजून तिच्यावरच बसतात. त्यांनीं उभ्या मोटारीपासून दार उघडेल एवढें अंतर राखावें, आणि मोटार चालविणाऱ्यानें दार उघडण्यापूर्वीं मागें पाहावें. दोनशें वर्षांतल्या माणसांनीं पडून पडून हें शहाणपण जमविलें आहे. आपल्या घरच्या मुलाची सायकल धरून धांवाल, तेव्हां ब्रेक आणि तोल यांच्या जोडीनें हा दिवाहि त्याला द्या.